गोदावरीचा आराखडा

१८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी लढताना हरली. तिची अवस्था इतकी वाईट झाली होती की अमेरिकी कप्तानाने ती बरोबर न नेता जाळून टाकली. मुंबईच्या इतिहासात या लढाईला जागा आहे, कारण जावाबरोबर एका नव्या युद्धनौकेचे नकाशे मुंबईच्या गोदीकडे निघाले होते. ते जळाले आणि इंग्लंडहून दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईतलं काम अडून राहिलं. अखेर १८१६ मध्ये कील, म्हणजे नौकेचा तळाचा कणा, बसली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. साग मलबारचा होता, देखरेख जमशेटजी बमनजी वाडियांची होती, सुतार आणि लोहार इथलेच होते. ही नौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. मुंबईच्या कारागिरांचं काम दोनशे वर्षं टिकलं, याहून मोठी पावती कोणती? पण नौका कशी असावी, तिची लांबी-रुंदी किती, तोफा कुठे, डोलकाठ्या किती उंच, हे ठरवण्याचा अधिकार त्या कारागिरांना नव्हता. तो लंडनला होता, आणि लंडननेही हा आराखडा एका पकडलेल्या फ्रेंच फ्रिगेटवरून बेतला होता.

भारतीय युद्धनौकाबांधणीचा इतिहास सांगताना आपण बहुधा गोद्यांचा इतिहास सांगतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, माझगावची छोटी सुकी गोदी १७७४ मध्ये झाली, पुढे अमुक जहाज तमुक साली बांधलं, अशी ती मालिका असते. ती खरी आहे, पण माझ्या मते ती मुख्य प्रश्नाला बगल देते. जहाज बांधता येणं आणि जहाज रचता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली मुंबईत दोन शतकांहून अधिक काळ नांदली. दुसरी आपल्या हाती आली ती १९७० च्या दशकात, ‘गोदावरी’ या फ्रिगेटच्या निमित्ताने. आधुनिक युद्धनौका बांधणारा देश म्हणून भारताची खरी सुरुवात तिथून धरायला हवी.

मराठी वाचक इथे लगेच हरकत घेईल आणि ती रास्त आहे. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेलं आरमार, आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं, विजयदुर्गाजवळची कातळात कोरलेली गोदी, हे सगळं कुणाच्या नकाशावर झालं? कुणाच्याच नाही. तिथे रचणारा आणि बांधणारा एकच होता. मिस्त्रीच्या डोळ्यांत माप असे, आधीच्या गलबताचा अनुभव नव्यात उतरे, आणि कोकणच्या उथळ खाड्यांना साजेशी नौका त्यातून तयार होई. ही रचनाच होती आणि स्वतःच्या गरजेतून आलेली होती. पण लोखंड आणि वाफ आल्यावर तो धागा तुटला. लाकडी नौकेत चूक झाली तर ती पाण्यावर कळे आणि तासून सुधारता येई. तीन हजार टनांच्या पोलादी नौकेचं वजन, तिचं स्थैर्य, इंजिनाची ताकद आणि शस्त्रांची जागा एकही पत्रा कापण्यापूर्वी कागदावर जुळलेली असावी लागते. ते गणित एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रचना-कार्यालयांत वाढलं आणि इथल्या गोद्यांकडे दुरुस्तीची कामं उरली. आंग्र्यांचा वारसा अभिमानाचा आहे, पण १९४७ साली भारतीय नौदलाकडे जे नव्हतं ते या वारशातून आपोआप मिळणार नव्हतं.

माझगाव डॉक ही कंपनी म्हणून १९३४ मध्ये नोंदली गेली आणि १९६० मध्ये सरकारने ती विकत घेतली. त्याच सुमारास कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये ‘अजय’ ही छोटी किनारी गस्तनौका तयार होत होती. ती १९६१ मध्ये नौदलात आली. गस्तनौकेवरून थेट फ्रिगेटवर जायचं म्हणजे मधल्या कितीतरी पायऱ्या गाळायच्या होत्या, म्हणून ब्रिटनच्या लिअँडर वर्गाची निवड झाली. ब्रिटिश नौदलाने स्वतःसाठी अशा २६ नौका बांधल्या होत्या. रचना तावूनसुलाखून निघालेली होती. व्हिकर्स आणि यारो या कंपन्यांच्या सहकार्याने ‘निलगिरी’ची कील १९६६ च्या ऑक्टोबरात माझगावला बसली, दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. नकाशे ब्रिटिश होते, बहुतेक यंत्रंही ब्रिटिश होती. अर्थ असा की ट्रिंकोमालीनंतर दीडशे वर्षांनी मुंबईत पुन्हा तेच घडत होतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या वेळी नकाशे वाचणाऱ्यांना पुढे स्वतःचे नकाशे काढायचे होते.

निलगिरीनंतर हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी अशा पाच नौका १९८१ पर्यंत झाल्या. एकाच वर्गाच्या सहा नौका वरवर पाहता पुनरावृत्ती वाटते, पण प्रत्येकीत काहीतरी बदललं गेलं. ब्रिटिश रडारांची जागा डच रडारांनी घेतली. मुख्य टर्बाइन ‘भेल’मध्ये होऊ लागली. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने फ्रिगेटचे गिअरबॉक्स हाती घेतले. साखर कारखान्यासाठी वसलेल्या गावात टर्बाइनचे प्रचंड वेगाचे फेरे नौकेच्या पंख्याला झेपतील इतके खाली आणणारी दंतचक्रं कापली जाऊ लागली, आणि तीही अशी की आवाज कमीत कमी व्हावा, कारण फ्रिगेटच्या चाकांची घरघर शत्रूच्या पाणबुडीला ऐकू जाते. शेवटच्या दोन नौकांवर सी किंग हे अवजड हेलिकॉप्टर बसवायचं ठरलं तेव्हा मूळ रचनेचा मागचा भाग मोडून मोठं हँगर करावं लागलं. ब्रिटिशांनी लिअँडर काढली होती ती छोट्या वास्प हेलिकॉप्टरसाठी. इथे आपल्या रचनाकारांनी प्रथमच दुसऱ्याच्या आराखड्यात मुळापासून हात घातला.

दरम्यान १९७१ चं युद्ध होऊन गेलं होतं आणि त्याने दोन धडे दिले होते. ४ डिसेंबरच्या रात्री सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला आणि जहाजावरून जहाजावर डागायच्या क्षेपणास्त्राची ताकद सिद्ध झाली. पण त्या नौका लहान होत्या, त्यांचा पल्ला तोकडा होता, आणि त्यांना ओढून जवळ न्यावं लागलं होतं. पाचच दिवसांनी ‘खुकरी’ ही ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली आणि पाणबुडी शोधण्याची आपली साधनं किती अपुरी होती हे जिवांची किंमत मोजून कळलं. नौदलाला आता लांब जाणारी, क्षेपणास्त्रं वाहणारी आणि दोन सी किंगच्या बळावर पाणबुड्या हुडकणारी नौका हवी होती. अशी नौका बाजारात नव्हती. सोव्हिएत संघाकडे क्षेपणास्त्रं होती, पण हेलिकॉप्टर पाश्चात्त्य होतं. ब्रिटनकडे नौका होती, पण सोव्हिएत क्षेपणास्त्र बसवून देणं शीतयुद्धाच्या काळात त्यांच्याकडून होण्यासारखं नव्हतं. दोन्ही गटांकडून माल घेणारा देश म्हणून भारतापुढे जो पेच उभा राहिला, तो दुसऱ्या कुणाच्या रचना-कार्यालयात सुटण्यासारखाच नव्हता. रचनेचं स्वावलंबन आपल्याकडे घोषणेतून आलं नाही, या अडचणीतून आलं. ‘तलवार’ या जुन्या ब्रिटिश फ्रिगेटवर पुढची तोफ काढून सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवण्याचा प्रयोग आधी झाला होता, त्यामुळे हे अशक्य नाही एवढं माहीत होतं.

गोदावरीचा आराखडा नौदलाच्या रचना संचालनालयाने दिल्लीत काढला. त्यातला पहिला निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. इंजिन लिअँडरचंच ठेवायचं, तेच ३०,००० अश्वशक्तीचं वाफेचं यंत्र, कारण ते देशात तयार होऊ लागलं होतं. पण नौका मात्र मोठी हवी होती. पूर्ण भरलेली लिअँडर सुमारे ३,००० टनांची, तर गोदावरी ३,८०० च्या आसपास जाणार होती. तेवढ्याच ताकदीवर पाऊणपट अधिक नव्हे, तरी चौथा हिस्सा अधिक वजन ओढायचं, तर वेग घसरणारच असं कुणालाही वाटेल. इथे नौकारचनेचं एक मूलतत्त्व कामाला आलं. वेगाने जाणारी नौका आपली बरीचशी ताकद लाटा उठवण्यात घालवते, आणि हा खर्च नौकेच्या लांबीवर अवलंबून असतो. त्याच वेगाला लांब, सडपातळ नौकेला लाटांचा अडसर तुलनेने कमी होतो. लिअँडर सुमारे ११३ मीटर लांब होती, गोदावरी १२६ मीटरच्या पुढे नेली गेली. परिणामी सुमारे २७ नॉट वेग मिळाला, म्हणजे लिअँडरपेक्षा जेमतेम एखादा नॉट कमी. वाढीव लांबीत दोन सी किंगचं हँगरही बसलं आणि पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांना जागा मिळाली.

खरी कसरत त्यानंतर सुरू झाली. पुढच्या डेकवर सोव्हिएत ५७ मिलिमीटर तोफ, तिच्या दोन्ही बाजूंना जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या नळ्या, मागे विमानविरोधी ओसा क्षेपणास्त्रं. एक क्षेपणास्त्र सुटताना त्याची आग ब्रिजवर येता कामा नये, तोफेच्या फिरण्याला नळीची आडकाठी होता कामा नये, एका रडारच्या लहरींनी दुसऱ्याचे कान बधिर होता कामा नयेत. वीज हा त्याहून चिवट प्रश्न होता. लिअँडरची वीजव्यवस्था ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सोव्हिएत उपकरणं ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालणारी. ५० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ६० वर लावली तर ती पाचव्या हिश्शाने जास्त वेगाने पळते, पंप आणि पंखे भलतंच काम करू लागतात. म्हणून एकाच नौकेत वेगवेगळ्या वीजवाहिन्या आणि त्यांच्यामधले रूपांतरक मांडावे लागले. त्यांचं वजन, त्यांची उष्णता आणि त्यांना थंड ठेवणारी हवा यांचाही हिशेब करावा लागला. लढाईचं चित्र मांडणारा संगणक इटालियन होता, त्याला डच रडारची माहिती घेऊन सोव्हिएत क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवायचं होतं. खोल पाण्यात कान लावणारा ‘अप्सो’ हा सोनार कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. पुढे बिनतारी संदेशवहनातल्या संशोधनासाठी जगप्रसिद्ध झालेले पॉलराज ते हेच. १० डिसेंबर १९८३ रोजी गोदावरी नौदलात दाखल झाली, आणि १९८८ मध्ये मालदीवमधून बंडखोर ज्या जहाजातून पळाले त्याला गाठण्याच्या कामगिरीत ती होती.

अशी नौका पाण्यात उतरल्यावर रचनाकाराची परीक्षा एका अगदी साध्या दिसणाऱ्या चाचणीत होते. शांत पाण्याच्या बेसिनमध्ये नौका उभी करतात, वारा पडलेला हवा, बांधलेले दोर सैल हवेत, टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, आणि नको असलेली माणसं खाली उतरवलेली. मग मोजलेली वजनं डेकवर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवतात. आत उभ्या जागेत लांब लंबक सोडलेला असतो, त्याचं टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवलेलं, हेलकावे लवकर थांबावेत म्हणून. वजन सरकताच नौका किंचित कलते आणि लंबक थोडासा सरकतो. त्या सरकण्याच्या मापावरून नौकेचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे ते काढतात. वर्षानुवर्षं हजारो वस्तूंची केलेली बेरीज बरोबर होती की नाही, हे त्या दिवशी समजतं. युद्धनौकेला याची विशेष भीती, कारण तिची बरीच महत्त्वाची साधनं उंचीवर असतात. रडार जितकं उंच तितकं दूरचं दिसतं, आणि शिडाच्या जागी आलेल्या त्या खांबावर चढवलेला प्रत्येक किलो नौकेला कलंडायला मदत करतो. परदेशी पुरवठादाराने ऐन वेळी उपकरणाचं वजन वाढवून कळवलं, तर कुठेतरी दुसरीकडे ते कमी करावं लागतं. हा सौदा करण्याचा अधिकार फक्त रचनाकाराला असतो. दुसऱ्याच्या नकाशावर बांधणाऱ्याला तो नसतो, म्हणूनच ‘तलवार’वरचा प्रयोग आणि गोदावरी यांच्यातलं अंतर मला एवढं मोठं वाटतं.

यावर दुसरी हरकत येते. तोफ सोव्हिएत, संगणक इटालियन, रडार डच, हेलिकॉप्टर ब्रिटिश, मग यात भारतीय काय? नौदल आपल्या नौकेचे तीन भाग पाडतं: तरंगणारं, चालवणारं आणि लढणारं. सांगाडा आणि त्यातल्या सोयी जवळपास पूर्णपणे देशी, यंत्रं साधारण निम्मी, शस्त्रं आणि संवेदक त्याहून कमी, असा हिशेब बराच काळ राहिला. हरकत घेणारे या आकड्यांकडे बोट दाखवतात आणि ते आकडे खोटे नाहीत. पण शिंप्याने कापड बाहेरून आणलं म्हणून कपड्याचं माप दुसऱ्याचं होत नाही. ज्याच्याकडे आराखडा आहे त्याला एका देशाचं उपकरण काढून दुसऱ्याचं, आणि पुढे स्वतःचं, बसवता येतं. गोदावरी वर्गातल्या नौकांवर हे प्रत्यक्ष घडलं. ‘गंगा’वर पुढे इस्रायली बराक क्षेपणास्त्रं बसवली गेली. तयार नौका विकत घेणाऱ्याला प्रत्येक बदलासाठी मूळ रचनाकाराच्या दारात उभं राहावं लागतं. आकडेवारीतली देशी टक्केवारी हळूहळू वाढवता येते. आराखड्याचा हक्क मात्र एकतर असतो किंवा नसतो.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे, ती काळाची आणि पैशाची. ‘दिल्ली’ या विनाशिकेची कील १९८७ मध्ये माझगावला बसली आणि ती १९९७ मध्ये नौदलात आली. मध्येच सोव्हिएत संघ कोसळला. क्षेपणास्त्रं रशियात राहिली आणि गॅस टर्बाइनचा कारखाना युक्रेनमध्ये. एका देशाशी केलेला व्यवहार दोन देशांशी पूर्ण करावा लागला. ही सबब मान्य करता येईल. पण ‘कोलकाता’ या विनाशिकेला २००३ ते २०१४ इतका काळ लागला, ‘शिवालिक’ या फ्रिगेटलाही जवळपास दशक गेलं, आणि महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या अहवालाने या प्रकल्पांचे अंदाज दुपटीहून अधिक फुगल्याचं स्पष्ट नोंदवलं. त्यावर पांघरूण घालता येणार नाही. कोणती शस्त्रं बसवायची हे पक्कं होण्यापूर्वीच बांधणी सुरू करायची आणि आराखडा पुढे-पुढे पुरा करायचा, ही सवय त्यामागे होती. पाच वर्षांनी येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी आज भिंती उभ्या केल्या, तर त्या पुन्हा फोडाव्या लागतात. टाकलेल्या केबली काढाव्या लागतात. मात्र यातून “मग बाहेरून विकत घ्या” हा निष्कर्ष निघत नाही. गोर्शकोव्ह ही विमानवाहू नौका २००४ मध्ये रशियाकडून घेतली, ती ‘विक्रमादित्य’ होऊन २०१३ मध्ये मिळाली आणि किंमत दुपटीच्या पुढे गेली. विलंब दोन्हीकडे झाला. फरक असा की माझगावच्या विलंबातून शिकलेली माणसं माझगावलाच राहिली.

ती शिकली हे पुढच्या नौकांत दिसतं. २०१० च्या दशकात माझगावला ३०० टनांची गोलायथ क्रेन आणि सरकत्या छपराची कार्यशाळा आली. नौका आता तळापासून वर चढवत नेण्याऐवजी मोठमोठ्या खंडांत बांधतात. छपराखाली, उन्हापावसापासून दूर, पाइप आणि केबलींचे मार्ग आधीच बसवून ते खंड एकमेकांना वेल्ड करतात. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावरचं वेल्डिंग किती दिवस बंद राहत असेल याचा विचार केला की या छपराचं मोल कळतं. ‘सूरत’ या विनाशिकेची कील नोव्हेंबर २०१९ मध्ये बसली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ती, नवी ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ पाणबुडी एकाच दिवशी मुंबईत नौदलात आली. पोलादाचाही प्रश्न सुटला. पूर्वी रशियाकडून येणाऱ्या पत्र्यांसाठी थांबावं लागे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने मिळून डीएमआर २४९ ए हे पोलाद तयार केलं आणि विमानवाहू ‘विक्रांत’ त्यातून बांधली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेली माझगावची ‘उदयगिरी’ ही नौदलाच्या रचना विभागाने काढलेल्या आराखड्यावरची शंभरावी नौका ठरली.

इंजिनाचं मात्र तसं झालेलं नाही, आणि मला वाटतं पुढचा सगळा जोर तिथे लागायला हवा. गोदावरीचं वाफेचं यंत्र जुनं होतं, पण देशात तयार होत होतं. गॅस टर्बाइनकडे वळल्यावर आपण वेग आणि चपळाई मिळवली आणि तो आधार गमावला. दिल्ली, कोलकाता आणि सूरत यांची टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्हची, शिवालिक आणि नव्या निलगिरीची अमेरिकी. २००९ मध्ये शिवालिकच्या टर्बाइनवर चाललेलं काम अमेरिकी सरकारच्या सूचनेवरून काही काळ थांबलं होतं. रशियात कालिनिनग्राडला बांधलेल्या ‘तुशील’ आणि ‘तमाल’ या फ्रिगेटांसाठी तर युक्रेनची इंजिनं भारताने विकत घेऊन रशियाला द्यावी लागली, कारण ते दोन देश एकमेकांशी व्यवहार करत नव्हते. नौकेचं इंजिन ठरलं की तिचे हवा आत घेणारे मार्ग आणि धुराडी, तिच्या मधल्या कप्प्यांची लांबी, इंधनाच्या टाक्या, सगळं त्याभोवती ठरतं. तेवढ्यापुरता आराखडा अजूनही दुसऱ्याच्या हातात आहे. कावेरी या विमान-इंजिनापासून केलेल्या सागरी टर्बाइनची चाचणी विशाखापट्टणमला नौदलाच्या ‘एकसिला’ तळावर झाली, तेव्हा त्यातून सुमारे १२ मेगावॅट मिळाले. शिवालिकवरच्या अमेरिकी टर्बाइनची ताकद २० मेगावॅटच्या वर आहे. हे अंतर भरून काढायला गोदावरीच्या आधी होती तशी सहा नौकांची सलग मागणी, वालचंदनगरसारखा कारखाना आणि चुकण्याची मुभा असलेलं एक रचना-कार्यालय लागेल, आणि त्यासाठी लागणारा पैसा नव्या नौकांच्या किमतीतच आधी बाजूला काढून ठेवावा लागेल.